भिंगरीचा पेपर

तंबाखू खाणाऱ्याला लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती खुडणाऱ्यालाही लागते, हे मात्र आमच्यासारख्यांनाच माहीत. पान कोरडं असेल तर काही नाही. पण पानावर पाऊस बसला आणि ती ओली पानं काखेत धरून तुम्ही सरी-सरीने फिरलात, की रस कातडीतून आत उतरतो. आधी तोंडाला पाणी सुटतं, मग डोकं गरगरतं, मग पोटातलं सगळं बाहेर. आम्ही म्हणतो, पान लागलं. त्यावर औषध नाही. अंग धुवायचं, आडवं पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जायचं. मी याच घरात लहानाची मोठी झाले, मधे काही वर्षं सासरी जाऊन नवऱ्याशी डोकेफोड करून परत आले, आणि तेव्हापासून दादाच्या छपरात बसून पानंच ओवते आहे. माझं तोंड फाटकं आहे असं वहिनी म्हणते. असू दे. झाकण्यासारखं काही उरलं असतं तर झाकलं असतं.

त्या वर्षी पावसाने भलत्याच वेळी तोंड घातलं. खालची पानं खुडून झाली होती, मधली पिकून पिवळी पडायला आली होती, आणि अशात आभाळ भरून आलं. पिकलेलं पान वाट बघत नाही. वेळेवर खुडून, काठ्यांना ओवून भट्टीत टांगलं नाही तर रोपावरच डाग धरतं, मग ते कुत्रंही हुंगत नाही. आमच्याकडे खुडायला माणसं तीन. दादा, वहिनी आणि मी. चौथी भिंगरी, दादाची एकुलती एक पोरगी, शाळेच्या वरच्या वर्गातली. एका जागी कधी ठरत नाही म्हणून भिंगरी. खुडायला तिचा हात आम्हा तिघांपेक्षा चपळ होता, खोटं कशाला बोलू.

नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या बाई आमच्या छपरात आल्या. छत्री मिटून दारात उभ्या राहिल्या, पायाला चिखल, चेहरा उतरलेला. आमच्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून ही एकच बाई. वहिनीने एक खोकं पालथं घातलं, त्यावर त्या बसल्या.

"दादा, यंदा शेवटची संधी आहे," बाई म्हणाल्या. "परीक्षा पुढच्या आठवड्यात. यंदा रेघेखाली गेलो तर शाळेला कुलूप."

ही रेघ काय ते आम्हाला दोन वर्षांत चांगलं कळलं होतं. वरच्या वर्गांची परीक्षा सगळ्या शाळांना एकच. तोच पेपर, तीच वेळ. वर बसून कोणीतरी एक रेघ मारलेली. शाळेची सरासरी रेघेच्या वर राहिली तर ठीक, लागोपाठ तीनदा खाली गेली तर शाळा बंद, आणि पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. आम्ही दोनदा खाली गेलो होतो.

"पण पोरं शिकतात की, बाई," दादा म्हणाला. "माझी पोरगी झोपेत पाढे म्हणते."

"तुमची म्हणते हो. पण एकदा वर्गात येऊन रिकामे बाक बघा. पान सुरू झालं की निम्मी पोरं रानात. उरलेली येतात ती पेंगत येतात. मी शिकवू कोणाला, भिंतींना?"

मला राहवलं नाही. "मग परीक्षा पानाच्या मोसमात ठेवली कोणी?"

"ज्यांनी ठेवली त्यांनी पान कधी पाहिलेलं नाही."

"पाहिलंय की! ओढताना पाहिलंय, सिगारेटीत."

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मोठ्या शाळेतल्या पोरांनाही हाच पेपर. त्यांना घरी शिकवायला माणूस येतो. मी तुमच्याकडे तसलं काही मागत नाही. एवढंच मागते, परीक्षा होईपर्यंत पोरांच्या हाताला पान लागू देऊ नका. पोटभर जेवू द्या आणि झोपू द्या. आमची पोरं थोडी आहेत, दादा. एक घसरलं की सगळ्यांना खाली आणतं. आणि एक भिंगरी वर गेली की दोघा-तिघांना ओढून वर नेते. माझी सगळी भिस्त तिच्यावर आहे."

काठ्यांच्या ढिगामागून आवाज आला, "मी चौघांना ओढीन, बाई!" कार्टी केव्हापासून लपून ऐकत होती.

दादाने बाहेर बघितलं. रान पिवळं होत आलेलं, वर आभाळ काळं. त्याला काय वाटत होतं ते मला समजत होतं. तरी तो म्हणाला, "दिला शब्द. पोरगी पानाला हात लावणार नाही."

बाई गेल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "अहो, शब्द दिलात तो पाळायचा. रस्त्यापलीकडे किती पोरी गेल्या आपल्या आळीतल्या? आधी रोज जातात, मग आठवड्यातून दोनदा, मग बसतात पानं ओवत. हिचं तसं होऊ देणार नाही मी." वहिनी मऊ बाई, आवाज चढवणारी नव्हे. त्या दिवशी चढला होता.

दुसऱ्याच दिवशी पाऊस सुरू झाला. धो धो नाही; धो धो बरा, पडतो आणि जातो. हा चिवट, बारीक, पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसलेला. आम्ही प्लास्टिकच्या पोत्यांना डोकं आणि हात घालायला भोकं पाडली आणि अंगात घालून रानात उतरलो. पोत्याच्या भोकांतून पाणी आत, आतून घाम, दोन्ही मिळून कंबरेपर्यंत ओघळ. पान तोडायचं, काखेत दाबायचं, काख भरली की सरीच्या टोकाला ठेवायचं, पुन्हा वाकायचं. पानांचा चिकट रस आणि पाणी एकत्र झालं की हात डांबर फासल्यासारखे काळे होतात. वाकून वाकून पाठीचा नुसता ओंडका होतो.

तिसऱ्या दिवशी दादाला पान लागलं. सरीतच गुडघ्यांवर बसला, ओकला, तोंड पुसलं, उठला, पुन्हा दोन पानं तोडली, पुन्हा बसला. ओठ पांढरे पडले होते.

"दादा, घरी जा," मी म्हटलं.

"मी गेलो तर ही सरी कोण करील? तुझा नवरा?"

"तो आला तर सरीसकट पळवून नेईल." त्याही अवस्थेत तो हसला आणि हसता हसता पुन्हा ओकला.

बांधापलीकडचा शेजारी आपल्या तिन्ही पोरांना घेऊन खुडत होता. त्याची धाकटी तर भिंगरीच्याच वर्गातली. आमच्याकडे बघून ओरडला, "काय दादा, राजकन्येला गादीवर बसवलंय वाटतं?"  मीच म्हटलं, "हो, बसवलंय! तुझ्या घरी गादी नाही म्हणून पोटात दुखतंय का?" पण खरं सांगायचं तर मनातून त्याचा राग आला नाही. त्याच्याही पोटाला पानच होतं, आणि शब्द घ्यायला त्याच्याकडेही बाई गेल्या होत्या. त्याने डोळ्यांसमोरची भाकर धरली, आम्ही पुढचं काहीतरी धरलं. शहाणा कोण, त्या पावसात कोण सांगणार?

भिंगरी घरात बसून गणितं करायची. मधेच दारात यायची. "आई, मी नुसती काठ्या देऊ का? काठ्यांना कुठे रस असतो?"

"उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर तंगडं मोडीन," वहिनी म्हणायची. काळे हात आपल्या अंगापासून लांब धरून उभी राहायची, पोरीला शिवायची नाही. ताट वाढायचं तर आधी हात राखेने घासायची, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. त्या आठवड्यात पोरीची वेणीसुद्धा तिने घातली नाही. वेणी शेजारच्या म्हातारीकडून घालून घ्यायची, तिचे हात कोरडे म्हणून. खालच्या अंगाच्या चार सरी आम्ही सोडून दिल्या. त्यांच्यावर डाग पडताना दादा रोज बघायचा आणि मान फिरवायचा. शब्द पाळला तो असा पाळला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गणवेशाचा प्रश्न आला. भिंगरीला गणवेश एकच. परक्या शाळेतला मास्तर परीक्षा घ्यायला येणार, पोरं स्वच्छ दिसली पाहिजेत, असं बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. वहिनीने सकाळीच तो धुतला, चांगला चोळून धुतला, आणि वाळत घातला ओसरीत. दुपारी हात लावला तर ओलाच. संध्याकाळी तसाच. हवेतच एवढं पाणी होतं की कपड्यातलं जाणार कुठे?

"वन्सं, आता काय करू हो?" वहिनी रडकुंडीला आली. "पोरगी परक्या माणसासमोर ओला झगा घालून बसेल?"

आमच्या घरात कोरडी, गरम अशी जागा एकच होती, ती भट्टी. बाहेरून चुलाण पेटवलेलं, आतून लोखंडी नळ फिरवलेला, वर छपरापर्यंत काठ्या आणि काठ्यांना पानं. वहिनीने दाराच्या आत, नळाच्या वर, खुंटीला गणवेश टांगला. मी तिथेच होते, लाकडं सारत होते. मला काही वावगं वाटलं नाही. ओला शर्ट अंगावर ठेवू नये, पान लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण ते रानातल्या शर्टाचं. शाळेचा कपडा हा आमच्या लेखी वेगळाच माल होता. त्याला रान शिवूच शकत नाही असं काहीतरी डोक्यात बसलेलं. वरच्या काठ्यांवर त्याच दिवशीचं ओलं पान होतं आणि गरम झालं की ते ठिबकतं, हे माझ्या किंवा तिच्या डोक्यात त्या घटकेला आलंच नाही.

सकाळी गणवेश खडखडीत वाळलेला. इस्त्री केल्यासारखा कडक. गडद रंगाचा, त्यामुळे डाग कसला दिसतोय! वास म्हणाल तर आम्हाला पानाचा वास येतच नाही, कोळणीला मासळीचा येतो का? वहिनीने तो पोरीच्या अंगात घातला, गळ्याचं बटण लावलं आणि लांब होऊन बघत राहिली. गालातल्या गालात हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आई, गरम गरम आहे!" भिंगरी म्हणाली आणि एक गिरकी मारली.

ओढ्याला पाणी होतं म्हणून मी तिला सोडायला गेले. डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचं पोतं एकच. ते तिने स्वतः घेतलं नाही, पेन्सिली आणि पेपराखाली धरायचा पुठ्ठा त्यात गुंडाळला. "आत्या, मी भिजले तर वाळेन. पुठ्ठा भिजला तर फुगेल." शाळेत पोचेपर्यंत खांदे, पाठ, काखा, सगळं चिंब. वाटेत बडबड चालू होती. कोणाला किती गुण पडले तर सरासरी किती, हिशेब तोंडावर. शेजाऱ्याची धाकटी कमी पडेल, पानावर होती ना. तिच्या वाटचे मीच आणीन म्हणाली.

बाईंना परीक्षेच्या खोलीत जायला बंदी. आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गाबाहेर ओसरीत बसवलेलं त्यांना. मी पाऊस थांबेपर्यंत त्यांच्याशेजारी टेकले. खिडकीतून आतलं दिसत होतं. परका मास्तर बुटांचा आवाज करत फिरत होता. भिंगरी पहिल्या बाकावर, मान खाली, हात भराभर चालू.

थोड्या वेळाने तो हात थांबला. तिने थुंकी गिळली. पुन्हा गिळली. मग बाही कपाळावरून फिरवली.  अशी गिळताना मी जन्मभर माणसं बघितली आहेत.

"बाई," मी म्हटलं, "पोरीला पान लागलंय."

"काहीतरीच! तुम्ही शब्द दिला होता."

"अहो, पाळला! शप्पथ, तिने हात नाही लावला!"

तेवढ्यात ती बाकावरून बाजूला वाकली आणि भडाभडा ओकली. पेपर मात्र ओकता ओकता दोन्ही हातांनी वर धरला होता, त्याला शिंतोडा लागू दिला नाही.

मी आणि बाई दोघी धावलो. दारात मास्तरने हात आडवा केला. "तुम्ही आत येऊ शकत नाही. नियम आहे."

"लेकरू आजारी आहे, दिसत नाही का?" बाई ओरडल्या.

"म्हणूनच बघतोय." तो भिंगरीजवळ गेला, वाकला आणि नाक वर करून मागे सरला. "तंबाखूचा वास येतोय हिला. तोंड उघड." पोरगी बघतच राहिली. "उघड तोंड! काय खाल्लंस? घरात देतात का तुला?"

सगळ्या वर्गासमोर तिने आ केला. चेहरा पांढरा पडला होता. मास्तरने तिच्या हनुवटीला बोट लावून आतमध्ये बघितलं, जनावर विकत घेताना बघतात तसं. दारातल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "आडात असेल तेच पोहऱ्यात येणार."

मी त्याला शिव्या दिल्या. काय दिल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि बाईंना म्हणाला, "घेऊन जा हिला. पेपर उघडलाय, त्यामुळे आहे तेवढाच धरला जाईल."

"म्हणजे गैरहजर नाही धरणार?"

"नाही. मोजली जाईल."

ते शब्द भिंगरीने ऐकले. मी तिचा दंड धरून उठवत होते तर तिने बाक घट्ट धरला. "नको, आत्या. मला लिहू दे. मी गेले तर सगळे खाली जातील." डोकं बाकावर टेकवून, एक डोळा मिटून ती लिहीत राहिली. मधे मधे हात सुटायचा. बाई ओसरीत भिंतीला कपाळ लावून उभ्या होत्या, आणि मला वाटत होतं की त्या मास्तरच्या नरडीचा घोट घ्यावा.

पेपर संपल्यावर तिला पाठीवर घेतलं. तिचा हात माझ्या गळ्यात, ओली बाही माझ्या तोंडाशी. ओठाला कडू लागलं. मी ती बाही तोंडात घेऊन चोखली. कडू जहर! तेव्हा मला सगळं कळलं, खुंटी, नळ, ठिबकणारं पान. 

वहिनीला सांगायचं नाही असं मी वाटेतच ठरवलं. पावसात भिजली, उपाशी होती, काहीही सांगेन. पण वहिनीने दारातच पोरीकडे एकदा बघितलं, अंगातला गणवेश उतरवला, बादलीत बुडवला, आणि बादलीतलं पाणी चहासारखं झालं. ती त्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "मीच टांगला होता ना?"

"वहिनी, तुझी काय चूक? करायला गेलीस एक..."

"मी हात धुतले हो. सगळा आठवडा पोरीला शिवले नाही. आणि मीच..."  ती खाली बसली आणि तिने कपाळ बडवून घेतलं. दादाने तिचे हात धरले. त्या घरात मी बरीच मरणं बघितली, पण असं रडणं ऐकलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा भट्टी थंड झाली होती. शाळा रेघेखाली. वरून साहेब आले, अंगणात पालकांना बसवलं. साहेब वाईट नव्हता. घाम पुसत, शब्द शोधत बोलत होता. मुलांच्या भल्यासाठीच आहे, मोठ्या शाळेत सोयी आहेत, शाळांनी कधीतरी निकालाची जबाबदारी घेतलीच पाहिजे. मग म्हणाला, "आणि पालकांनीही. इथली एक मुलगी तंबाखू खाऊन परीक्षेला बसली होती, असा शेरा आहे माझ्याकडे."

सगळ्यांच्या माना आमच्याकडे. भिंगरी दादाच्या मागे लपली. तेव्हा वहिनी उठली. चार माणसांत कधी न बोललेली बाई.

"साहेब, माझ्या पोरीने तंबाखू खाल्ली नाही. कपडा वाळत नव्हता म्हणून मी भट्टीत घातला. ओलं पान त्याच्यावर गळलं. ते तिच्या अंगात गेलं. चूक माझी आहे, तिची नाही आणि बाईंची तर नाहीच. पानाचा भाव करायला माणूस येतो ना, तोसुद्धा विचारतो, यंदा पाऊस लागला होता का. तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

 साहेबाने खाली बघितलं. त्याला पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "ताई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. शेरा मी खोडतो. पण गुण खोडता येत नाहीत. आणि एका मुलीमुळे शाळा गेलेली नाही, तिला पूर्ण गुण असते तरी जेमतेम रेघेला टेकला असतात."

"टेकलो असतो म्हणजे?" दादाने विचारलं. "राहिली असती?"

साहेब बोलला तो बोलला आणि मग जीभ चावली त्याने. "ते आता... नक्की सांगता येत नाही," म्हणाला. पण पोरांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आळीत एकच चालू झालं, भिंगरीमुळे शाळा गेली. शेजाऱ्याची तिन्ही पोरं पान खुडून पेंगत पेपरला बसली, ओढ्याकडची दोघं तर महिनाभर वर्गात आलीच नव्हती, हे सगळं विसरलं. नाव राहिलं एकीचं. मी भेटेल त्याच्याशी भांडले. बाई तर बदलीच्या गावी निघण्याआधी येऊन तिला जवळ घेऊन सांगून गेल्या, "तुझ्यामुळे नाही गं, बाळ." भिंगरीने मान हलवली. पण त्या गेल्यानंतर ती पाढे म्हणायची थांबली. कोणी काही विचारलं की उत्तर यायचं असूनही गप्प बसायची. नाव भिंगरी आणि दिवसभर ओसरीच्या कोपऱ्यात.

नव्या वर्षाला वहिनी हट्टाने उठली. "मी नेईन तिला पलीकडे. रोज नेईन, रोज आणीन. पान गेलं खड्ड्यात." आम्ही तिघी निघालो. मोठ्या रस्त्यावर ट्रक एकामागे एक, पलीकडे जायला फट मिळेना. वहिनीने पोरीचं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठला.

मोठी शाळा खरंच मोठी. फरश्या, पंखे, नळाला पाणी. हेडसरांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. भला माणूस. भिंगरीला दोन-तीन गणितं विचारली. पहिल्याला ती गप्प राहिली. वहिनीने पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने सगळ्यांची उत्तरं सांगितली, खालच्या आवाजात. हेडसरांनी चष्मा काढून पुसला.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण बाई, तुमच्या शाळेची सगळी मुलं आता माझ्याकडे येणार. त्यांचा निकाल मला माहीत आहे. आमच्याकडे वरच्या सगळ्या वर्गांना दरवर्षी ती परीक्षा. ही मुलं तिथे बसवली तर माझी शाळा रेघेखाली जाईल. म्हणून आम्ही ठरवलंय, तुमच्याकडून येईल त्याला दोन वर्ग खाली बसवायचं. तिथे परीक्षा नसते. नियम सगळ्यांना एकच."

पळसाला पानं तीनच, कुठेही जा! मी खुर्चीवरून उठलेच. "अहो, आत्ता स्वतः म्हणालात हुशार आहे! दोन वर्ग खाली कशाला? जे तिला येतं तेच पुन्हा घोकायला?"

"मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो," हेडसर म्हणाले. आवाजात लाज होती, पण निर्णय पक्का होता.

वहिनीही उठली. "नाही चालणार. मी साहेबांकडे जाईन. इथेच बसून राहीन. माझी पोरगी तिच्या वर्गात बसेल."  मला तिचा एवढा अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात भिंगरीने विचारलं, "सर, त्या खालच्या वर्गातल्यांना मोजत नाहीत?"

"नाही, बाळ. परीक्षाच नाही तर मोजणार काय?"

"म्हणजे मी काही चुकले तरी ही शाळा बंद नाही पडणार?"

 हेडसरांनी नाही अशी मान हलवली.

भिंगरीने मोठा श्वास सोडला. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मग मी तिथेच बसते," ती म्हणाली. "आई, चालेल मला. खरंच चालेल."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली.  आईचा हात सोडवून पोरीने दप्तर खांद्याला लावलं आणि शिपायाला विचारलं, लहान मुलांचा वर्ग कुठे आहे ते. त्याने बोट दाखवलं तशी ती तिकडे निघाली, चांगली उड्या मारत.